वऱ्हाडातली दोन विद्यापीठे आणि एक शिवारफेरी

वऱ्हाडातल्या चार-पाच पिढ्या शिकलेल्या एखाद्या घरातली पदवीपत्रे पेटीतून काढून ओळीने मांडली, तर एक गमतीची गोष्ट दिसेल. खापरपणजोबांच्या पदवीवर मुंबई किंवा कलकत्ता विद्यापीठाचे नाव असेल, पणजोबांच्या पदवीवर अलाहाबादचे, आजोबांच्या आणि वडिलांच्या पदवीवर नागपूरचे आणि नातीच्या पदवीवर अमरावतीचे. घरात कोणी शेतकी शिकले असेल तर त्याच्या कागदावर अकोला. घर तेच, गाव तेच, वावरही बहुधा तेच. पदवी देणारे गाव मात्र दर पिढीला जवळ सरकत आले. हजार किलोमीटरहून लांब असलेले विद्यापीठ सव्वाशे वर्षांत एस. टी. च्या टप्प्यात आले.

हे आपोआप झाले नाही. त्यामागे कापूस आहे, रेल्वे आहे, प्रांतांची जुळवाजुळव आहे, वर्गणी गोळा करणारी माणसे आहेत आणि रस्त्यावर सांडलेले रक्तही आहे. या लेखात तो इतिहास थोडक्यात मांडायचा आहे. त्याबरोबर एक प्रश्नही विचारायचा आहे : पदवी जवळ आली, पण ज्ञान किती जवळ आले?

कापूस आला, कॉलेज आले नाही

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेली. १८६७ साली भुसावळहून शेगाव, अकोला, बडनेरा या मार्गाने रेल्वे नागपूरला पोचली. खामगाव, अकोला, अमरावती येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, पेठा वाढल्या, वकिली वाढली. कापूस नेण्यासाठी जे जे लागते ते सगळे वऱ्हाडात आले. अमरावती आणि अकोल्याला इंग्रजी हायस्कुलेही निघाली. कॉलेज मात्र निघाले नाही.

ज्याला पुढे शिकायचे तो गाव सोडून जाई. दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८७७ साली बी. ए. झाले. १८८० च्या दशकात नागपूरला हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजे सुरू झाल्यावर काहींचा मार्ग थोडा सोपा झाला. पण ती कॉलेजे आधी कलकत्ता विद्यापीठाला आणि नंतर अलाहाबादला जोडलेली होती. म्हणजे शिकायचे नागपूरला आणि काय शिकायचे ते ठरायचे गंगेकाठी. डिसेंबर १८९७ मध्ये सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. देशभरातल्या पुढाऱ्यांना बोलावून त्यांची व्यवस्था करण्याइतकी ऐपत आणि जाणीव ज्या शहरात होती, त्या शहरात त्या दिवशी एकही कॉलेज नव्हते. ते यायला आणखी २६ वर्षे लागली.

१९०२ च्या करारात निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायम पट्ट्याने दिला आणि १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडला गेला. वऱ्हाडचे तोंड हैदराबादकडून नागपूरकडे वळले ते तेव्हापासून. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू होते. सहा कॉलेजे आणि ९२७ विद्यार्थी एवढाच तेव्हाचा संसार होता. त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. पुढे त्याचे विदर्भ महाविद्यालय झाले आणि आज ते शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. वऱ्हाडातल्या मुलाला वऱ्हाडातच राहून पदवीपर्यंत शिकता येईल, ही सोय प्रथम झाली ती या कॉलेजमुळे.

विद्यापीठाआधीचे संशोधक

विद्यापीठ आले की मग संशोधन सुरू होते, असा एक समज आहे. वऱ्हाडात मात्र क्रम उलटा होता.

महानुभाव पंथाचे मठ वऱ्हाडात गावोगावी आहेत. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव असल्याने पंथीयांची काशीच. या मठांमध्ये शेकडो वर्षे पोथ्या सांभाळलेल्या होत्या, पण त्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या. बाहेरच्या माणसाला त्या वाचता येत नसत. मराठीतले सगळ्यात जुने गद्य या पोथ्यांमध्ये होते आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना त्याचा पत्ता नव्हता. या साहित्याचा परिचय मराठी वाचकांना करून देणाऱ्या पहिल्या मंडळींमध्ये यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे होते. व्यवसायाने वकील. 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे त्यांचे पुस्तक १९२५ साली आले. त्यांनी यवतमाळला शारदाश्रम ही संस्था काढली आणि हस्तलिखिते जमवली. त्यांच्या हाताशी ना विद्यापीठाचा विभाग होता, ना अनुदान.

विष्णु भिकाजी कोलते यांची कहाणी याच्या पुढची. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेल गावी १९०८ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा मुलगा पुढे महानुभाव साहित्याचा सगळ्यात मोठा अभ्यासक झाला. अमरावतीला आणि नागपूरला त्यांनी मराठी शिकवले, 'लीळाचरित्रा'ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९६६ ते १९७२ या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या विद्यापीठाचे कामकाज एकेकाळी इंग्रजीवाचून हलत नसे, त्याच्या सर्वोच्च खुर्चीवर एका कास्तकाराचा मुलगा बसला आणि त्याचा अभ्यासविषय होता शेजारच्या मठांतल्या पोथ्या.

ही दोन उदाहरणे मुद्दाम दिली. वऱ्हाडातले चांगले संशोधन जवळच्या गोष्टीकडे पाहण्यातून निघाले आहे. पदवी त्याच्या मागून आली, काही वेळा आलीही नाही.

कॉलेज कोणाचे?

१९२३ चे कॉलेज सरकारी होते आणि शहरात होते. खेड्यातल्या, शेतकरी जातींतल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांना तिथे पोचणे कठीण होते. फी हा एक अडसर होता. राहायचे कुठे आणि जेवायचे कोणाकडे, हा त्याहून मोठा होता.

हा अडसर डॉ. पंजाबराव देशमुखांनी ओळखला. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे ते शिकले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या ऑक्सफर्डच्या प्रबंधाचा विषय होता. बॅरिस्टर होऊन परतल्यावर अमरावतीत त्यांनी आधी वसतिगृह काढले. श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत. त्यानंतर १९३० च्या दशकाच्या आरंभी श्री शिवाजी शिक्षण संस्था आली आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे पुढे विदर्भभर पसरले. वसतिगृह आधी आणि कॉलेज नंतर, हा क्रम ज्याला सुचला त्याला खेड्यातल्या मुलाची अडचण नेमकी कळली होती.

अमरावतीत याच्याही आधी एक वेगळे विद्याकेंद्र उभे राहिले होते. १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. आखाड्यातली विद्या शास्त्रशुद्ध अभ्यासक्रमात बसवण्याचे काम या मंडळाने केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. शारीरिक शिक्षण हा पदवीचा विषय असतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला कोणी पटवून द्यावे लागले नाही.

आणि या सगळ्यांच्या मागे कीर्तनाला उभा राहिलेला एक माणूस होता, जो स्वतः शाळेत गेला नाही. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. हातात फुटके गाडगे, अंगावर चिंध्या. त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांना विचारलेल्या प्रश्नांची माळ असे. प्रश्न साधा असायचा, उत्तर श्रोत्यांनीच द्यायचे आणि देता देता स्वतःच्या अडाणीपणाशी येऊन ठेपायचे. उपास काढा पण पोरांना शिकवा, या अर्थाचे त्यांचे सांगणे वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी त्यांची यात्रा संपली. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

वऱ्हाडातल्या दोन्ही विद्यापीठांना पुढे या दोघांची नावे मिळाली. एकाचे नाव ऑक्सफर्डच्या डॉक्टराचे, दुसऱ्याचे निरक्षर कीर्तनकाराचे. आणि दोघेही एकाच जिल्ह्यातले.

अकोला : वावरात जाणारे विद्यापीठ

पंजाबराव १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री होते. त्या दशकात अमेरिकेच्या लँड ग्रँट विद्यापीठांची कल्पना भारतात आली. १८६२ च्या कायद्याने तिथल्या राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे उभी राहिली. पुढे त्याच संस्थांनी शिकवणे, प्रयोग करणे आणि शेतकऱ्याला जाऊन सांगणे ही तिन्ही कामे एका छपराखाली आणली. भारतात या धर्तीचे पहिले विद्यापीठ १९६० साली पंतनगरला निघाले.

महाराष्ट्राने १९६७ साली कृषी विद्यापीठाचा कायदा केला. विद्यापीठ कुठे व्हावे यावरून विदर्भात मोठे आंदोलन पेटले. विदर्भ कापसाचा प्रदेश, नागपूरला १९०६ पासून शेतकी कॉलेज, आणि विद्यापीठ मात्र पश्चिम महाराष्ट्रात, हे लोकांना मान्य नव्हते. अकोला हे आंदोलनाचे केंद्र झाले. जांबुवंतराव धोटे यांचे नाव या काळात विदर्भभर गाजले. गोळीबार झाला, माणसे मेली. १९६८ साली राहुरीला विद्यापीठ झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. विदर्भातले सगळे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. विद्यापीठासाठी लोक रस्त्यावर उतरतात आणि जीव जातो, हे आज सांगितले तर तरुणांना नवल वाटेल. त्या लोकांना पदवी नको होती. त्यांना बियाणे हवे होते.

कृषी, उद्यानविद्या, वनविद्या, कृषी अभियांत्रिकी असे अभ्यासक्रम तिथे चालतात. पशुवैद्यक शिक्षण २००० साली नागपूरला निघालेल्या वेगळ्या विद्यापीठाकडे गेले. बी. एस्सी. कृषीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी काही महिने एखाद्या गावाशी बांधलेला असतो. गावकरी या मुलामुलींना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक, माती तपासणीसाठी नमुना कसा घ्यायचा, फवारणी करताना तोंडाला काय बांधायचे, हे ती सांगतात आणि त्याबद्दल त्यांना गुण मिळतात. गुण देणारा प्राध्यापक असतो, पण खरी परीक्षा वावराच्या धुऱ्यावर उभा असलेला कास्तकार घेतो.

संशोधनाचेही तसेच आहे. नवे वाण काढले म्हणजे काम संपले असे होत नाही. त्याच्या अनेक हंगामांत, अनेक ठिकाणी चाचण्या घेतल्या जातात. चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, ज्याला सगळे ॲग्रेस्को म्हणतात, त्यावर तज्ज्ञांची उलटतपासणी होते आणि मगच शिफारस होते. मग पैदासकार बियाणे तयार होते आणि त्यातून पुढचे गुणन. १९७६ साली स्थापन झालेल्या महाबीजचे मुख्यालयही अकोल्यातच आहे, ही सोय महत्त्वाची. कपाशीचे पीकेव्ही हायब्रीड-२ आणि रजत, देशी कपाशीचे एकेए-८४०१, इक्रिसॅटच्या सहकार्याने निघालेला जाकी-९२१८ हा हरभरा, ही नावे विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात आहेत आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यातही आहेत. पीकेव्ही मिनी दालमिलचे तर नावच बाजारात चालते. तूर विकून डाळ विकत आणणाऱ्या गावात डाळ भरडण्याची सोय तिने आणली आणि बचत गटांना धंदा दिला.

सगळे गोड आहे असे नाही. २००२ नंतर बीटी कपाशी आली, बियाण्याचा बाजार खासगी कंपन्यांच्या हाती गेला आणि विद्यापीठाचे संकरित वाण मागे पडले. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अजून खाराच आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी प्यायला चालत नाही आणि पिकाला दिले तर जमीन घट्ट होते, कारण त्यातला सोडियम मातीची घडण मोडतो. जिप्सम टाकणे, पावसाचे पाणी शेततळ्यात अडवून वेळेला देणे असे उपाय विद्यापीठाने सांगितले आहेत, पण ते पैशाचे आणि चिकाटीचे काम आहे. विद्यापीठ उंबरठ्याशी असूनही गेल्या तीन दशकांत वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्याचा सगळा दोष संशोधनावर टाकता येणार नाही. भाव, कर्ज आणि पाऊस विद्यापीठाच्या हातात नसतात. तरीही हा प्रश्न अकोल्याला विचारला जातो, कारण लोक त्या विद्यापीठाला आपले समजतात. ज्याच्याकडून अपेक्षा असते, त्यालाच जाब विचारतात.

दरवर्षी स्थापना दिवसाच्या सुमारास तिथे शिवारफेरी असते. शेतकरी गाड्या भरून येतात, प्रक्षेत्रावर चालत फिरतात, उभे पीक पाहतात, बोंड हातात घेतात आणि शास्त्रज्ञाला विचारतात. पाटी वाचता आली नाही तरी पीक वाचता येते. या शब्दाकडे मला परत यायचे आहे.

अमरावती : जुन्या वऱ्हाडाची नवी हद्द

१९८० च्या सुमारास नागपूर विद्यापीठ फार फुगले होते. बुलढाण्याहून नागपूर म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटर. गुणपत्रिकेवरचे नाव दुरुस्त करायचे म्हटले तरी दोन दिवस आणि एक मुक्काम. शेवटी १९८३ चा कायदा झाला आणि १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. के. जी. देशमुख पहिले कुलगुरू झाले. कार्यक्षेत्र होते अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे चार जिल्हे. १९९८ साली अकोल्यातून वाशीम वेगळा झाला आणि ते पाच झाले. नकाशा पाहिला तर लक्षात येईल की ही जवळजवळ जुन्या वऱ्हाड प्रांताचीच हद्द आहे. १९०३ नंतर वऱ्हाड हे नाव सरकारी कागदांतून हळूहळू पुसट झाले. विद्यापीठाने त्या प्रदेशाला परत एक संस्था दिली. स्थापनेनंतर दोन दशकांनी विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले.

शहराबाहेर, मार्डी रस्त्यावर, टेकड्यांच्या पायथ्याशी त्याचा विस्तीर्ण परिसर आहे. जवळच डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले तपोवन आहे. परिसरात भाषा, गणित, भौतिकी, रसायन, जीवशास्त्राच्या शाखा, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रासायनिक तंत्रज्ञान, संगणकशास्त्र, विधी, गृहविज्ञान, समाजशास्त्र, ग्रंथालयशास्त्र असे पदव्युत्तर विभाग आहेत.

पण विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी या परिसरात कधी येत नाहीत. अमरावती हे संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ आहे. मुलगी धारणीची असो, मेहकरची असो की वणीची, ती शिकते आपल्या गावच्या कॉलेजात. विद्यापीठ तिच्यासाठी तीन गोष्टी करते : अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते, पदवी देते. कोणते पुस्तक नेमायचे हे त्या विषयाचे अभ्यास मंडळ सुचवते, विद्वत् परिषद मान्य करते. पैशाचे आणि नेमणुकांचे निर्णय व्यवस्थापन परिषद घेते. अधिसभा दरवर्षी अंदाजपत्रक पाहते आणि प्रश्न विचारते. राज्यपाल कुलपती असतात. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चार केल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. याच कायद्यात अधिसभेवर दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या आहेत. म्हणजे हा लेख वाचणारा अमरावतीचा पदवीधर नाव नोंदवून विद्यापीठाच्या कारभारात मत देऊ शकतो. हा हक्क आपल्याला आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

या रचनेने एक मोठे काम केले. वऱ्हाडात तालुक्याच्या गावी कॉलेजे झाली आणि ज्या घरांतून मुलींना नागपूरला पाठवण्याचा विचारही झाला नसता, त्या घरांतल्या मुली पदवीधर झाल्या. एस. टी. चा पास काढून सकाळी कॉलेजला जायचे आणि दुपारी निंदणाला पोचायचे, अशी शिकलेली एक पूर्ण पिढी आज शाळांत, बँकांत, तहसिलीत काम करते. संलग्नतेची व्यवस्था कंटाळवाणी आहे म्हणून तिची थट्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

तिची मर्यादाही तितकीच खरी. परीक्षा हेच मुख्य काम झाले की बाकीचे मागे राहते. लोणारच्या खाऱ्या सरोवरावर, मेळघाटातल्या कोरकूंवर, वऱ्हाडी बोलीवर, कापसाच्या बाजारावर या प्रदेशातल्या अभ्यासकांनी प्रबंध लिहिले. त्यातले काही उत्तम आहेत. ते जातात कुठे? प्रती ग्रंथालयात. अलीकडे शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात प्रबंध चढवावे लागतात, ही चांगली सोय झाली. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेर राहून वाचणाऱ्या माणसाला तिचा फार उपयोग होतो. पण ज्या कोरकू पाड्यात बसून माहिती घेतली, त्या पाड्यात तो प्रबंध परत जात नाही. ज्या आजीकडून ओव्या उतरवून घेतल्या, तिच्या नातीला त्याचा पत्ता नसतो. हे केवळ अमरावतीचे नाही, महाराष्ट्रातल्या सगळ्याच विद्यापीठांचे आहे.

प्रबंधांची शिवारफेरी

अकोल्याचे संशोधन लोकांच्या तोंडी गेले याचे कारण शेती हा विषय सोपा आहे, असे नाही. तिथे संशोधन परत नेऊन देण्याची वाट पहिल्या दिवसापासून आखलेली आहे. विस्तार हे तिथे शिकवण्याइतकेच आणि संशोधनाइतकेच महत्त्वाचे काम आहे. त्यासाठी माणसे नेमलेली आहेत, दिवस ठरलेले आहेत, कृषी संवादिनीसारखी पुस्तके आहेत. मानव्यविद्यांसाठी अशी वाट कोणी आखली नाही. इतिहासाचा, भाषेचा, समाजशास्त्राचा निष्कर्ष लोकांना सांगण्यासारखा असतो, असे आपण गृहीतच धरले नाही.

मग प्रबंधांची शिवारफेरी का नको? वर्षातून एक दिवस. त्या वर्षी ज्यांना पीएच. डी. मिळाली त्यांनी आपण काय शोधले ते सोप्या मराठीत, जमल्यास वऱ्हाडीत किंवा कोरकूत, दहा पानांत लिहावे आणि ज्या गावात काम केले तिथे जाऊन वाचून दाखवावे. गावकऱ्यांनी प्रश्न विचारावेत. बोंड हातात घेऊन पाहणारा शेतकरी जसा शास्त्रज्ञाला अडवतो, तसे त्यांनीही अभ्यासकाला अडवावे. चुकीची म्हण, चुकीचे गोत्र, चुकीची तारीख तिथेच पकडली जाईल. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणला आहे. त्याची श्रेयांके मिळवण्यासाठी छापील नमुने भरण्यापेक्षा विद्यार्थ्याने आपल्याच गावाची पाण्याची, बाजाराची, शाळेची नोंद केली आणि ती ग्रामपंचायतीत ठेवली, तर दहा वर्षांत वऱ्हाडचा एक नवा गॅझेटियर तयार होईल. त्याला वेगळा निधी लागणार नाही.

हा विचार आत्ताच करण्याचे कारण रिद्धपूर आहे. मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ रिद्धपूरला स्थापन झाले असून २०२४ मध्ये त्याला पहिले कुलगुरू मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. वऱ्हाडात आता आणखी एका विद्यापीठाची पाटी आहे आणि त्याने कोणत्या वाटेने जायचे हे अजून ठरायचे आहे. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांची आपल्याकडे वाण नाही.

रिद्धपूरला मात्र दूर पाहण्याची गरज पडू नये. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी याच भूमीत म्हाइंभट 'लीळाचरित्रा'साठी आठवणी जमवत होते. ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिले होते, त्या माणसांना शोधत ते त्यांच्यापर्यंत गेले, एकेकाला विचारले. एकच लीळा दोघांनी वेगळी सांगितली तर दोन्ही पाठ नोंदले आणि कोणी काय सांगितले तेही लिहून ठेवले. नंतर ते सगळे नागदेवाचार्यांसमोर ठेवून तपासून घेतले. त्या काळी यासाठी कोणी पदवी देत नव्हते. मराठीचे पहिले मोठे गद्य असे माणसांच्या दारात जाऊन, विचारून, पडताळून तयार झाले. नव्या विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात हेच काम दिले आणि जे मिळाले ते ज्याचे त्याला परत वाचून दाखवायला लावले, तर पदवीपत्रांच्या त्या ओळीत पुढचा कागद रिद्धपूरचा असल्याचा आनंद गावालाही होईल.